कंपामागील चट्टे शोधणारे शार्को

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराला स्वतंत्र ओळख मिळवून देणारे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय करीत.

१८६२ मध्ये शार्को पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात रुजू झाले. तेथे हजारो निराधार, वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी स्त्रिया राहत. एकाच रुग्णाचे वर्षानुवर्षे निरीक्षण करावे आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून लक्षणांचा मेंदूतील बदलांशी मेळ घालावा, ही त्यांची पद्धत येथेच घडली. अंगात कंप असलेली एक मोलकरीण त्यांच्या घरी कामाला होती. तिच्या हातून महागडी भांडी फुटत, तरीही शार्को यांनी तिला काढले नाही. मृत्यूनंतर तिच्या मज्जासंस्थेत कठीण झालेले चट्टे आढळले, असे त्यांचे शिष्य सिग्मंड फ्रॉइड यांनी नमूद केले आहे.

हालचाल करताना वाढणारा हा कंप पार्किन्सनच्या विश्रांतीतील कंपाहून वेगळा आहे, हे शार्को यांनी १८६८ मध्ये स्पष्ट केले. बुबुळांची थरथर आणि तुटक बोलणे ही लक्षणेही त्यांनी त्याला जोडली.

१८७० च्या सुमारास अपस्मार आणि उन्मादाच्या स्त्रीरुग्णांचा विभाग त्यांच्याकडे आला. उन्मादाविषयीचे त्यांचे बरेचसे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत; संमोहनाच्या जाहीर प्रात्यक्षिकांत रुग्ण स्त्रियांची प्रतिष्ठा कितपत जपली गेली, हा प्रश्नही उरतोच. चट्ट्यांचे निदान मात्र अबाधित राहिले.

अपस्मार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा संबंध आज अधिक स्पष्ट झाला आहे. या आजाराच्या सुमारे २ ते ३ टक्के रुग्णांना फेफरे येते. हे प्रमाण अल्प असले, तरी सर्वसामान्यांच्या तुलनेत अधिक आहे. मेंदूच्या बाह्यस्तरात किंवा त्यालगत चट्टे पडल्यास विद्युतप्रवाह बिघडतो, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. क्वचित फेफरे हेच आजाराचे पहिले लक्षण ठरते आणि निदान चुकण्याची शक्यता वाढते. आता एमआरआय तपासणीत जिवंत रुग्णाच्या मेंदूतील चट्टे दिसतात. शार्को यांना त्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे.

१८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या विकारांसाठी निर्माण केलेले प्राध्यापकपद त्यांना मिळाले. १६ ऑगस्ट १८९३ रोजी मोर्व्हाँ प्रदेशातील प्रवासात त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जाँ-बातिस्त यांनीही वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण नाव कमावले ते ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून.