महिपतीबोवा ताहाराबादकर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने चाकणकडे जाताना कुरुळी गाव लागते. आज त्या बाजूस कारखान्यांच्या भिंती व मालमोटारींच्या रांगा दिसतात. परंतु एका अंगास आळंदी व दुसऱ्या अंगास देहू ही दोन्ही ठिकाणे तेथून पायी जाण्याजोगी आहेत. रामेश्वरभट कोण किंवा मंबाजी कोण, हे ह्या भागातील म्हातारीकोतारीला सांगावे लागत नाही. तुकारामबोवांना ज्यांनी छळले ते हे दोघे. पण त्यांची हकीकत आपल्यापर्यंत कोणी पोचविली, आणि ती कोणत्या मनाने सांगितली, ह्याचा विचार वाचकांनी क्वचितच केला असेल. तो सांगणारा देहूचा नव्हे. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यात ताहाराबाद नावाचे खेडे आहे. तेथील कुलकर्णी महिपती ह्यांनी ती सांगितली. राहुरीचे नाव आमच्या मंडळ्यांना परके नाही. रेव्हरंड टिळकांचे बिऱ्हाड तेथे काही वर्षे होते.

महिपतीबोवांचा जन्म इ. स. 1715 चा. वडील दादोपंत हे पंढरीचे वारकरी होते. घरी कुलकर्णीपणाचे वतन असल्यामुळे महिपतीबोवांच्या हाती लहानपणीच लेखणी आली. त्यांच्याविषयी अशी कथा आहे की, एके दिवशी ते देवपूजेस बसले असता जहागिरदाराच्या कचेरीतून शिपाई आला आणि तात्काळ चला म्हणून दरडावू लागला. पूजा आटोपून येतो असे त्यांनी म्हटले, तेव्हा शिपायाने वाटेल तसे अपशब्द बोलून घेतले. बोवा उठले नाहीत. पूजा संपवून कचेरीत गेले, काम पुरे करून दिले, आणि घरी येऊन लेखणी देवापुढे ठेवली. ह्यापुढे आपण अथवा आपल्या वंशजाने सरकारी चाकरीसाठी लेखणी धरू नये, संतांची चरित्रे लिहिण्यासाठीच ती धरावी, असा त्यांनी नेम केला. शिपायाला मात्र ह्या कथेत काहीच शासन होत नाही. तो आला, बोलला आणि गेला.

पुढे कीर्तन व ग्रंथलेखन हेच त्यांचे आयुष्य झाले. भक्तविजय इ. स. 1762 मध्ये पुरा झाला व भक्तलीलामृत 1774 मध्ये. तुकारामबोवा 1650 मध्ये निवर्तले होते. म्हणजे पहिला ग्रंथ झाला तेव्हा मध्ये शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. जे आपण डोळ्यांनी पाहिले नाही ते दुसऱ्याविषयी सांगणे ही जोखमीची गोष्ट आहे, विशेषतः त्या दुसऱ्याचे वाईट सांगावयाचे असेल तेव्हा. महिपतीबोवांना ही जोखीम कळत होती असे दिसते. आपण पदरचे काही घालीत नाही, हे त्यांनी वाचकांस स्पष्ट सांगितले, आणि उत्तरेकडील नाभाजी व आपल्याकडील उद्धवचिद्‌घन ह्यांच्या ग्रंथांचा आधार घेतल्याचे नावानिशी कबूल केले. भक्तविजयात तुकारामचरित्र येऊन गेल्यावरही त्यांनी ते पुरेसे मानले नाही. बारा वर्षांनी भक्तलीलामृतात तेच पुन्हा, पुष्कळ अधिक विस्ताराने लिहावयास घेतले.

रामेश्वरभट हे वाघोलीचे विद्वान ब्राह्मण. शूद्राने वेदार्थ सांगणारी कविता करावी हे त्यांस सहन झाले नाही, व त्यांच्या सांगण्यावरून तुकारामबोवांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. बोवा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिले. महिपतीबोवा ह्यांतील काहीही सौम्य करीत नाहीत. ते स्वतः ब्राह्मण, वृत्तीने कुलकर्णी, आणि सांगत आहेत एका ब्राह्मणाने वाण्याच्या व्यवसायातील कुणब्यावर केलेला अन्याय. तरी जातभाईची बाजू सावरून घेण्याकडे त्यांची लेखणी वळत नाही. ह्यानंतर वह्या तरल्याचे ते सांगतात. पण रामेश्वरभटांना तेथेच सोडून देत नाहीत. भट पुण्याकडे नागनाथाच्या दर्शनास निघाले असता वाटेत अनगडशहा फकिराच्या पाण्यात उतरले व त्याच्या शापाने त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. काही केल्या शमेना. तेव्हा ते आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी येऊन बसले. तेथे दृष्टांत झाला की, तुकारामाचा द्वेष केला हेच दुखण्याचे मूळ आहे. त्यालाच शरण जावे. भटांनी शिष्याबरोबर पत्र धाडले. ज्याच्या वह्या बुडाल्या होत्या त्याने उत्तरादाखल एक अभंग लिहून दिला, व तो वाचताच दाह निवाला.

दाह झाला नसता तर भट देहूस आले असते काय, असा प्रश्न आमच्या मनात येतो, व महिपतीबोवा त्याचे उत्तर देत नाहीत. परंतु दुखणे गेल्यावर भट परत फिरले नाहीत, तुकारामबोवांजवळ राहिले, हे ते आवर्जून सांगतात. आजही गावोगाव म्हटली जाणारी तुकारामबोवांची आरती रामेश्वरभटांच्याच नावावर आहे. ती म्हणणाऱ्याला वह्या बुडविल्याचे विसरून चालत नाही. विसरला तर आरतीचा अर्थच उरत नाही. स्तेफनाला दगडमार होत असता शौल तेथे उभा होता, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्यानेही लपविलेले नाही. आमच्यापैकी जे खेडोपाडी फिरून गोष्टी सांगतात त्यांना हे ठाऊकच आहे.

मंबाजीची गोष्ट लहान आहे. वाटेवरचे काटे दूर केले म्हणून त्याने तुकारामबोवांना काटेरी फांद्यांनी झोडपले. त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही, तेव्हा बोवा त्याच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग रगडीत बसले आणि त्याला कीर्तनास घेऊन आले.

पैठणच्या एकनाथमहाराजांची एक कथा आम्हांस ह्याहूनही मोलाची वाटते. नाथांना जो राग आणील त्याला दोनशे रुपये देऊ, असे गावच्या कुटाळांनी एका परक्या ब्राह्मणास सांगितले. त्याला मुलाच्या मुंजीसाठी पैसा हवा होता. तो जोड्यांसह घरात शिरला व नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. जेवताना गिरिजाबाई वाढावयास वाकल्या तर त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी बाईंना त्याला पडू देऊ नका म्हणून सांगितले, व मुलाला पाठीवर घेऊन कामे करण्याची सवय आहे असे त्या म्हणाल्या. त्याने शेवटी खरी गोष्ट सांगितली तेव्हा, आधी सांगितले असते तर आपण रागावून दाखविले असते, असे नाथ म्हणाले. येथे अपराध्याला गरज होती, आणि त्याला पुढे करणारे कुटाळ मजा पाहत बाहेर होते. कथा सांगणाऱ्याने ह्या दोहोंतील फरक दाखवून दिला, हे विसरू नये.

एका ठिकाणी मात्र आमचे समाधान होत नाही. तुकारामबोवांची पत्नी जिजाई, जिला आवली म्हणत, ती महिपतीबोवांच्या ग्रंथांत कर्कशा म्हणून येते. बोवांनी मोळीतील एक ऊस घरी आणला तर तिने तो त्यांच्याच पाठीवर मोडला, ही गोष्ट ऐकून लोक अजून हसतात. परंतु त्याच ग्रंथांत हेही लिहिले आहे की, घरात दाणा नव्हता, मुले उपाशी होती, आणि दुष्काळात थोरली सवत रखमाबाई अन्न अन्न करीत गेली होती. देवाला शिव्या देणारी हीच बाई रोज भाकरी घेऊन डोंगरावर नवऱ्याला शोधीत जाई, व एकदा वाटेत काटा मोडून पडली तेव्हा पांडुरंगाने तो काढला. ऐकणाऱ्यांनी ऊस लक्षात ठेवला आणि काटा विसरून गेले. महिपतीबोवांनी तिला कर्कशा हा शब्द एवढ्या वेळा लावला नसता तर असे झाले नसते, असे आम्हांस वाटते.

महिपतीबोवा 1790 मध्ये वारले. संतविजय हा ग्रंथ त्या वेळी अपुराच होता. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे डॉक्टर जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी ह्या चरित्रांचे इंग्रजीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. मिशनचे काम सोडून स्वदेशी परतल्यावरही उतारवयात ते हेच करीत राहिले. तुकारामचरित्र 1930 मध्ये निघाले. डॉक्टर 1932 मध्ये वारले आणि भक्तविजयाचे भाषांतर त्यांच्या मागून बाहेर पडले. त्यात वाघोलीचे रामेश्वरभट दाहासकट आहेत, आणि आळंदीहून देहूस धाडलेले ते पत्रही आहे.