डेस्काहे

डेस्काहे (जन्म : इ.स. १८७३, मृत्यू : २७ जून, इ.स. १९२५) हे कॅनडातील कायुगा जमातीचे वंशपरंपरागत प्रमुख होते. त्यांचे व्यक्तिगत नाव लेव्ही जनरल. 'डेस्काहे' हे इ.स. १९१७ मध्ये प्राप्त झालेले पदनाम होय. आदिवासींच्या हक्कांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर नेणाऱ्या आद्य नेत्यांत त्यांची गणना होते.

कायुगा ही इरोक्वॉय महासंघातील सहा जमातींपैकी एक. हा महासंघ स्वतःस ब्रिटिश राजसत्तेचा प्रजाजन नव्हे, तर मित्र मानत असे. कॅनडा सरकार मात्र त्यावर आपले कायदे लादत होते. इ.स. १९२१ मध्ये डेस्काहे महासंघाच्याच पारपत्रावर लंडनला गेले, परंतु हा कॅनडाचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगून ब्रिटिशांनी हात झटकले.

इ.स. १९२३ मध्ये त्यांनी जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. तेथे प्रश्न मांडण्यास सदस्य राष्ट्राचे साहाय्य आवश्यक होते. नेदरलँड्सने त्यांचा अर्ज पुढे पाठविला. आयर्लंड, पनामा, पर्शिया व एस्टोनिया यांनीही पाठिंबा दिला. तथापि ब्रिटनच्या विरोधामुळे सुनावणी झालीच नाही. पुढच्याच वर्षी कॅनडाने महासंघाची पारंपरिक परिषद बरखास्त केली. डेस्काहे यांचे निधन सीमेपलीकडे, न्यू यॉर्क राज्यातील टस्करोरा वस्तीत झाले.

इ.स. १९७७ मध्ये अमेरिका खंडांतील आदिवासी प्रतिनिधी जिनिव्हातच संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात एकत्र आले. १३ सप्टेंबर, इ.स. २००७ रोजी आमसभेने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधकांत कॅनडाही होता. त्याने आपला आक्षेप इ.स. २०१६ मध्ये मागे घेतला.