ठिपक्यांचे ऋण : चित्रकार ना. श्री. बेंद्रे

उज्जयिनीच्या देवास गेटपासून इंदूर अवघे पंचावन्न किलोमीटरांवर. होळकरांच्या त्या राजधानीत २१ ऑगस्ट १९१० रोजी नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म झाला. तेथील चित्रशाळेत देवळालीकर गुरुजींनी त्यांना निसर्गातील ऊन-सावली डोळसपणे पाहावयास शिकविले. १९३३ मध्ये मुंबईची कलापदविका मिळवून त्यांनी पुढे काश्मीर, शांतिनिकेतन व अमेरिका असा प्रवास केला. १९५० पासून त्यांनी बडोद्यास अध्यापन आरंभिले. १९५५ मध्ये त्यांच्या ‘काटा’ या चित्रास ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

१९६६ मध्ये बडोदे सोडून ते मुंबईस स्थिरावले. कीर्ती लाभलेला हा कलावंत पुढे पुन्हा विद्यार्थी झाला. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा (१८५९–१८९१) शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी मांडी. दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच ते रंग एकमेकांत मिसळत. बेंद्रे यांनी हीच रीत उचलली. मात्र सराच्या चित्रांत पॅरिसचे नागरिक वावरतात, तर बेंद्रे यांच्या ठिपक्यांतून आपल्या ग्रामीण स्त्रिया व आपले ऊन साकारले. १९९२ मध्ये ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, थोरांचे चित्र समोर ठेवून कुंचला चालविण्यात कमीपणा नाही. परंतु चौकटीत बसविलेली ती नक्कल म्हणजे केवळ पहिला धडा होय. रीत दुसऱ्याची घ्यावी, दृष्टी मात्र स्वतःची असावी, हाच बेंद्रे यांच्या जीवनाचा बोध आहे.