मादाम क्युरी : युद्धकाळातील प्रयोगशाळा आणि पत्रे

मेरी क्युरी हे नाव तुम्हांला शालेय पाठ्यपुस्तकापासून परिचित आहे. रेडियमचा शोध, दोन नोबेल पारितोषिके आणि सॉर्बॉन विद्यापीठातील पहिल्या स्त्री-प्राध्यापक, एवढी ओळख मनात पक्की असते. पहिल्या महायुद्धाची चार वर्षे मात्र त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत आटोपतात. त्या वर्षांकडे येथे लक्ष देऊ.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा पॅरिसमधील त्यांच्या रेडियम संस्थेची इमारत नुकतीच उभी राहिली होती. सहकारी सैन्यात गेले, संशोधन थांबले. जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ येताच संस्थेचे एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून क्युरींनी स्वतः रेल्वेने बोर्दोला नेले, बँकेच्या तिजोरीत सुरक्षित ठेवले आणि त्या लगोलग पॅरिसला परतल्या.

मुली या वेळी ब्रिटनीच्या किनाऱ्यावर होत्या. थोरली इरेन सोळा वर्षांची, धाकटी इव्ह नऊ वर्षांची. आईने पत्रांतून धीर दिला, अभ्यास चालू ठेवण्यास सांगितले. मायलेकींच्या पत्रांतून गणिताची उदाहरणे जाणे-येणे हे या घराला नवे नव्हते. घरी बसून टपालाने शिकणाऱ्या तुम्हांला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

जखमी सैनिकाच्या शरीरातील गोळी नेमकी कोठे आहे, हे कळल्याशिवाय शल्यविशारदाने शस्त्र चालवणे धोक्याचे होते. आघाडीवरील इस्पितळांत क्ष-किरण यंत्रे तर फारच थोडी होती. क्युरींनी अधिकाऱ्यांची मने वळवली, धनिकांकडून मोटारी मिळवल्या आणि मोटारीच्या इंजिनावर चालणाऱ्या डायनॅमोने यंत्राला वीज पुरवण्याची सोय केली. सुमारे वीस मोटारी आणि दोनशे क्ष-किरण केंद्रे त्यांनी सज्ज केली. त्या स्वतः मोटार चालवायला शिकल्या. सुमारे दीडशे स्त्रियांना या कामाचे शिक्षण दिले. लवकरच आईच्या सोबतीला आलेल्या इरेनने आपला अठरावा वाढदिवस आघाडीवरच, काम करीत घालवला. युद्ध चालू असतानाच तिने सॉर्बॉनच्या परीक्षाही दिल्या.

रसायनशास्त्रज्ञाचे काम यातून सुटले नाही. बोर्दोहून परत आणलेल्या रेडियमच्या द्रावणातून सतत वायू निर्माण होतो. आज आपण त्याला रेडॉन म्हणतो. तो पंपाने ओढून घ्यायचा, शुद्ध करायचा आणि बारीक काचनळ्यांत बंद करून इस्पितळांना उपचारासाठी पाठवायचा, हे त्यांचे नित्यकर्म झाले. रेडॉनची तीव्रता चार दिवसांच्या आतच निम्म्यावर येते. म्हणून नळ्या साठवून ठेवता येत नसत. त्या पुन्हा पुन्हा भराव्या लागत.

या कामाची किंमत नंतर मोजावी लागली. किरणांपासून संरक्षणाची साधने तेव्हा अपुरी होती. १९३४ मध्ये क्युरी रक्तनिर्मिती खुंटवणाऱ्या आजाराने गेल्या. १९५६ मध्ये इरेन रक्ताच्या कर्करोगाने. दोघींच्याही आजारांचा संबंध किरणांशी दीर्घकाळ आलेल्या संपर्काशी जोडला जातो.

चरित्र वाचताना शोधाच्या आणि सन्मानाच्या तारखांशीच थांबू नका. पत्रे, प्रवास आणि पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या काचनळ्या यांचाही विचार करा. व्यक्तीची ओळख तेथेच अधिक पटते.