पाण्याचा ठराव मांडणारे रावबहादूर सी. के. बोले



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तीत तथागतांवर, परमपूज्य बाबासाहेबांवर, माता रमाईंवर लेख येतात आणि ते यायलाच पाहिजेत. यंदा आम्ही एक वेगळं नाव घेतलं आहे : रावबहादूर सीताराम केशव बोले. नाव ऐकल्यावर कोणीही विचारील की हा माणूस आपल्या समाजातला नाही, त्याने धम्मदीक्षा घेतली नाही, वर इंग्रज सरकारची रावबहादुरी मिरवली, मग आपल्या स्मरणिकेत त्याला जागा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणूनच हा लेख वाचावा.

दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायक मंदिराकडे जाणारा एस. के. बोले मार्ग आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसं जातात. पण हे बोले कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह मात्र आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. त्या सत्याग्रहाला कायद्याचा जो आधार मिळाला तो याच बोल्यांनी मांडलेल्या ठरावातून आला होता.

बोले भंडारी समाजातले. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला, देशावरचा गरीब माणूस येऊन पडत होता, त्याला ना कामाच्या तासांचा धरबंध ना अपघाताची भरपाई. युनियन हा शब्दही तेव्हा कामगाराला ठाऊक नव्हता. अशा काळात, १९१० च्या सुमारास, कामगार हितवर्धक सभा स्थापन करणाऱ्यांत बोले पुढे होते. ही सभा संप पुकारणारी नव्हती. अर्ज, विनंत्या, तडजोड, कामगारांच्या पोरांचं शिक्षण, दारूबंदी अशी तिची कामं. आज लाल बावट्याच्या चष्म्यातून पाहिलं तर ती मवाळ वाटेल. पण काम कोणीतरी करावं लागतं, ते त्यांनी केलं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट बौद्धांना विसरता येणार नाही. विद्यार्थी भीमराव परीक्षेत यशस्वी झाले म्हणून त्यांच्या सत्काराची सभा भरली. त्या सभेचे अध्यक्ष होते सी. के. बोले, आणि त्याच वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिलं. बुद्धाची ओळख बाबासाहेबांना ज्या पुस्तकाने झाली, ते पुस्तक देणाऱ्या सभेचं अध्यक्षपद बोल्यांकडे होतं.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे येऊ. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला नवं कायदेमंडळ मिळालं. मतदानाचा हक्क मालमत्ता, सारा आणि भाडं यांवर ठरत होता. चाळीतल्या कामगाराला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथे माणूस निवडून पाठवणं कुठलं शक्य? अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणजे सरकार नेमील तो. अशा सभागृहात बोले सभासद होते. ते मंत्री नव्हते. त्यांच्या हाती खातं नव्हतं, तिजोरी नव्हती, पोलीस नव्हते.

साध्या सभासदाला तिथे तीन गोष्टी करता येत. आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारायचा, ठराव मांडायचा किंवा स्वतःचं बिल आणायचं. ठराव पास झाला तरी ती सरकारला केलेली शिफारस असे, कायदा नव्हे. सरकारने ऐकलं तर ऐकलं. पुष्कळ सभासद म्हणूनच भाषण करून, वर्तमानपत्रात नाव छापून आणून मोकळे होत. बोल्यांनी मात्र जे हत्यार हाती होतं तेच वापरायचं ठरवलं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले आणि राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा अर्थ. यातलं शहाणपण नीट पाहा. ठरावात धर्माची, शास्त्राची, पुण्याची भाषा नाही. कोणाला दया दाखवा असंही म्हटलेलं नाही. पैसा सर्वांचा तर पाणीही सर्वांचं, एवढाच हिशोब. दया आली तर देतात, नाही तर नाही. हिशोब मात्र मागता येतो.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी हुकूम काढला. सरकारच्या स्वतःच्या जागांपुरता अंमल करा, असं खातेप्रमुखांना कळवलं. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना ठराव स्वीकारण्याचा सल्ला द्यावा, एवढ्यावर भागवलं. सल्ला म्हणजे काय ते आपण जाणतोच! विहिरी, तळी बहुतेक याच संस्थांच्या ताब्यात. महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळं खुलं केल्याचा ठराव केला खरा. पण कागदावर तळं खुलं आणि काठावर मात्र सवर्णांचा पहारा, अशी स्थिती राहिली. आपल्या माणसाची घागर काही भरली नाही.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी माझं काम केलं. बोल्यांनी तसं केलं नाही. तीन वर्षं वाट पाहून ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि बोर्डं पहिल्या ठरावाचा अंमल करणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आधी हक्क सांगितला, तो मिळेना तेव्हा पैशाच्या नाडीवर बोट ठेवलं. आमच्या मते हा दुसरा ठराव पहिल्याइतकाच मोलाचा आहे, पण त्याची आठवण फार थोडे काढतात.

पुढचा इतिहास आपला आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांसारखे सहकारी सोबत होते. २० मार्चला बाबासाहेब चालत तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि मागोमाग हजारो माणसं प्याली. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली. खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

मग श्रेय कोणाचं? आम्ही सरळ सांगतो. नुसत्या ठरावाने पाणी मिळालं नाही, ते बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चालत गेलेल्या आणि मार खाल्लेल्या माणसांनी मिळवलं. पण ती माणसं तळ्यावर गेली तेव्हा ती चोरून पाणी पिणारी नव्हती, सरकारी हुकूम आणि नगरपालिकेचा ठराव पाठीशी असलेले हक्कदार नागरिक होती. ही बाजू बोल्यांनी मिळवून दिली होती.

त्यांनी आणखी एक काम केलं. गावच्या जोशाचं वतन असे. यजमानाने लग्नकार्य दुसऱ्याकडून किंवा आपल्याच जातीच्या माणसाकडून करून घेतलं तरी गावजोशी दक्षिणेवर दावा सांगे आणि कोर्ट तो मान्य करी. न बोलावलेल्या भटाला पैसे द्यायचे! १९२६ च्या कायद्याने ही सक्ती गेली, आणि त्यासाठी कायदेमंडळात बिल आणणारे बोलेच होते. आज आपण आपल्या पद्धतीने मंगल परिणय करतो, त्यामागे अशा जुन्या लढायाही आहेत. कोकणातल्या खोतीविरुद्धही त्यांनी सभागृहात आवाज उठवला, पण तिथे यश आलं नाही. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

त्यांच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ठराव होता सार्वजनिक जागांपुरता. मालकाच्या गिरणीत तो पोचत नव्हता. धोट्यात धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. जास्त पगार तिथेच, आणि तिथेच आपल्याला बंदी. पाण्याची पिंपंही वेगळी. गिरणीत आयुष्य काढलेल्या आम्हाला हे वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत आहे. या अन्यायाला १९२८ च्या संपात तोंड फोडलं ते बाबासाहेबांनी. शिवाय बोले शेवटपर्यंत हिंदू सुधारकच राहिले. १९५६ च्या धम्मक्रांतीची वाट त्यांची नव्हती. हे झाकून ठेवण्याचं कारण नाही. केलेलं काम त्यामुळे कमी होत नाही. कृतज्ञता हा बुद्धाने शिकवलेला गुण आहे आणि तो जात विचारीत नाही.

आता भारतीय संविधानाचं १५ वं कलम उघडून पाहा. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांवर कोणालाही जातीमुळे मज्जाव करता येणार नाही, असं त्यात आहे. एका साध्या सभासदाने १९२३ साली मांडलेली शिफारस १९५० साली देशाचा मूलभूत हक्क झाली.

आपल्या तरुणांना आमचं एवढंच सांगणं आहे. वस्तीत पाणी येत नाही, शिष्यवृत्ती अडकते, विहाराच्या जागेचा कागद हलत नाही, तेव्हा नुसती घोषणा देऊन घरी जाऊ नका. हुकूम काय आहे तो मिळवा, वाचा, अंमल कोणी अडवला ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारा की आमच्यासाठी सभागृहात कोणता प्रश्न टाकला. २० मार्चला महाडला जाल तेव्हा ४ ऑगस्ट १९२३ ही तारीखही पोरांना सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!