व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी कै. यशवंतराव घाडगे

आमच्या कडेगाव भागात लढाईवर गेलेल्या माणसाविषयी तो लामावर गेला, असे म्हणत. तेथून परतलेले वृद्ध आम्ही बालपणी पारावर बसलेले पाहिले आहेत. न परतलेल्यांची मात्र नावेच तेवढी कानी येत. अशा न परतलेल्यांपैकी ज्यांची कीर्ती जगभर झाली, त्या नाईक यशवंतराव घाडगे यांची ओळख आम्ही ज्ञातिबांधवांस करून देत आहो.

ते कोकणचे. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. १९४४ च्या उन्हाळ्यात ही पलटण इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढत होती.

दि. १० जुलै रोजी यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्या हाताखालचे सर्व जवान मेले वा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. माघार घेतली असती तरी त्यांस कोणी बोल लावला नसता. परंतु ते सरळ त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी तोफ व ती चालविणारा यांना निकामी केले. टॉमी गनने आणखी एकास टिपले. मॅगझिन बदलण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या तडाख्यांनी ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांस लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस!

परक्या सरकारच्या लढाईत पडलेल्याचे कौतुक कशाला, असा प्रश्न आम्ही शिक्षकांच्या बैठकीतही ऐकला आहे. लढाई कोणाची हे दिल्ली-लंडनात ठरले होते. भोवती पडलेली माणसे मात्र यशवंतरावांची स्वतःची होती. इटलीच्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांचे, हेही अशा टीकाकारांनी ध्यानी घ्यावे.

त्यांची समाधी कोठेही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव कोरलेले आहे. माणगावास पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतील मोन्तोने गावी त्यांच्या नावे सूर्यघडी उभारली गेली. पदक मात्र १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून स्वीकारावयास त्यांची विधवा पत्नी गेली होती.