सर दोराबजी टाटा : टिस्कोचे निष्ठावंत भागधारक

एकाच कंपनीचे समभाग वर्षानुवर्षे उराशी बाळगणाऱ्या कुटुंबांची मुंबईत कधीच वानवा नव्हती. आजोबांनी घेतलेले, वडिलांनी लोखंडी कपाटात जपलेले आणि नातवाने डिमॅट खात्यात जमा केलेले असे समभाग म्हटले, की जुन्या मुंबईकरांच्या तोंडी पहिले नाव हमखास येते ते 'टिस्को'चे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून टाटा स्टील झाले; पण जुन्या भागधारकांच्या जिभेवर टिस्कोच राहिली. या निष्ठेची कथा बहुधा जमशेटजी टाटांच्या स्वप्नापासून सुरू केली जाते. स्वप्न त्यांचे होते, यात शंका नाही. मात्र त्या स्वप्नासाठी लोकांकडून पैसे मागण्याचे आणि पैसे संकटात सापडल्यावर त्यांची जबाबदारी पत्करण्याचे काम त्यांच्या थोरल्या मुलाच्या वाट्याला आले. तो मुलगा म्हणजे सर दोराबजी टाटा.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. प्रारंभीचे शिक्षण येथेच झाल्यावर वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवले. केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात ते पुस्तकांपेक्षा क्रिकेट आणि फुटबॉलच्या मैदानावर अधिक चमकले. परत आल्यावर त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये पदवी घेतली. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात पत्रकारिता केली. पुढे कोट्यवधींचे उद्योग सांभाळणाऱ्या या माणसाची पहिली नोकरी आमच्याच धंद्यातली होती, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात शिरले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांची उमेदवारी झाली. चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांचा विवाह म्हैसूर संस्थानातील शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांची कन्या मेहेरबाई यांच्याशी झाला. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे याच मेहेरबाईंचे भाचे.

पोलादाच्या शोधाचा प्रारंभ आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तेव्हाच्या मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर परिसरात, लोहारा येथे उत्तम लोहखनिज असल्याचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात पूर्वीच आला होता. १९०३ मध्ये अमेरिकेहून चार्ल्स वेल्ड हे भूगर्भतज्ज्ञ आले आणि दोराबजी त्यांच्यासोबत चांद्याच्या रानात उतरले. मुंबईच्या ऐश्वर्यात वाढलेला हा गृहस्थ तेथे बैलगाडीतून हिंडला, तंबूत राहिला. खनिज सापडले; पण ते विखुरलेले होते आणि भट्टीला लागणारा दगडी कोळसा जवळपास नव्हता. वरोऱ्याच्या कोळशाचा त्या कामी उपयोग होत नव्हता.

प्रयत्न फसल्याचे सरकारी अधिकाऱ्यांना कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला गेले. अधिकाऱ्यांची वाट पाहत असताना समोरच्या वस्तुसंग्रहालयात ते सहज शिरले आणि तेथील भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यावर दिलेल्या गडद रंगाने त्यांचे लक्ष वेधले. तो रंग लोहखनिजाचा होता. वेल्ड यांना घेऊन ते दुर्गला गेले तेव्हा अक्षरशः लोखंडाचे डोंगर समोर उभे होते. तेथेही जवळ कोळसा आणि पुरेसे पाणी नसल्याने कारखाना झाला नाही. त्याच डल्ली-राजहराच्या खनिजावर स्वातंत्र्यानंतर भिलाईचा सरकारी कारखाना उभा राहिला. टाटांना वाट सापडली ती फेब्रुवारी १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी लिहिलेल्या पत्रामुळे. मयूरभंज संस्थानातील खनिजसाठ्यांची माहिती त्या पत्रात होती. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळील साकची हे गाव पुढे कारखान्यासाठी निवडले गेले. हे सारे पाहायला जमशेटजी मात्र उरले नाहीत. मे १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न होता पैशाचा. त्या काळी एवढ्या मोठ्या उद्योगाचे भांडवल लंडनमध्येच उभे राहते, असा रिवाज होता. टाटांनीही आधी लंडनचेच दार ठोठावले. तेथील नाणेबाजारात मंदी होती, आणि ज्यांना रस होता त्यांना कारखान्यावर आपले नियंत्रण हवे होते. अखेर १९०७ मध्ये दोराबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातील लोकांपुढेच झोळी पसरण्याचे ठरवले. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहत होतेच. तरीही ते मोठे धाडस होते. गुंतवणुकीसाठी सोने, जमीन किंवा सावकारी हेच मार्ग ठाऊक असलेल्या समाजाला, अद्याप जागाही निश्चित न झालेल्या कारखान्याचा कागद विकायचा होता.

२६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत कंपनीची नोंदणी झाली. भांडवल होते २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपये. त्यात ७५ रुपयांचे दोन लाख सामान्य समभाग, १५० रुपयांचे पन्नास हजार अग्रहक्काचे समभाग आणि ३० रुपयांचे साडेबावीस हजार 'डिफर्ड' समभाग अशी विभागणी होती. फोर्टमधील नवसारी बिल्डिंग या टाटांच्या कचेरीसमोर पहाटेपासून रात्रीपर्यंत अर्जदारांची रीघ लागली. म्हातारे आणि तरुण, धनिक आणि बेताच्या मिळकतीचे, पुरुष आणि स्त्रियाही त्या गर्दीत होत्या. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी सारे भांडवल उभे करून दिले. पुढे खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढले तेव्हा चार लाख पौंडांचे ते सर्व रोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले.

त्या आठ हजारांत सट्टेबाज नसतीलच असे नाही. ३० रुपयांचा डिफर्ड समभाग पुढे मुंबईच्या बाजारात सट्टेवाल्यांचा लाडका झाला आणि 'टाटा डिफर्ड'च्या भावावर दलाल स्ट्रीटची नाडी पाहिली जाऊ लागली. परंतु कारखाना उभा राहायलाच चार-पाच वर्षे लागणार हे ठाऊक असताना पैसे लावणारा बहुसंख्य माणूस झटपट नफ्यासाठी आलेला नव्हता. साकचीच्या भट्ट्या १९११ च्या अखेरीस पेटल्या आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लाट बाहेर पडली. तत्पूर्वी १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला होता.

पहिल्या महायुद्धाने कंपनीचे भाग्य उघडले. मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेच्या आघाड्यांवरील रेल्वेमार्गांसाठी साकचीचे रूळ गेले. कृतज्ञता म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी १९१९ मध्ये साकचीचे नामकरण जमशेदपूर असे केले. समभागांचे भाव गगनाला भिडले. याच भरात कारखान्याची क्षमता अनेक पटींनी वाढवण्याची प्रचंड योजना हाती घेण्यात आली. निर्णय दोराबजींच्या अध्यक्षतेखाली झाला आणि त्याची किंमतही त्यांनाच चुकवावी लागली, हे त्यांच्या भक्तांनी विसरू नये.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. यंत्रसामग्रीच्या किमती अंदाजाच्या कितीतरी पुढे गेल्या. बेल्जियम आणि जर्मनीचे स्वस्त पोलाद हिंदुस्थानच्या बंदरांत येऊन पडू लागले. कच्च्या लोखंडाचा मोठा गिऱ्हाईक असलेल्या जपानला १९२३ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त केले. कामगारांचे संप १९२० आणि १९२२ मध्ये होऊन गेले होते. समभागांचे भाव कोसळले. पुढची कित्येक वर्षे सामान्य भागधारकाच्या हाती लाभांश पडला नाही. कंपनी सरकारच्या ताब्यात द्यावी अशी सूचना पुढे आली, तेव्हा जमशेटजींचे मामेबंधू आणि जे. आर. डी. टाटांचे वडील आर. डी. टाटा यांनी टेबलावर मूठ आपटून आपण जिवंत असेपर्यंत ते घडणार नाही असे ठणकावले होते.

१९२४ मध्ये जमशेदपूरहून तार आली. कामगारांच्या पगारापुरतेही पैसे उरले नव्हते. मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणजे काय, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कंपनी बुडाली तर भागधारकाने भरलेले पैसे बुडतात. त्याच्या घरादाराला कोणी हात लावू शकत नाही. हे संरक्षण सामान्य भागधारकाला होते तसेच दोराबजींनाही होते. कायद्याने त्यांच्यावर एका पैचेही बंधन नव्हते. तरीही त्यांनी आपली सारी वैयक्तिक संपत्ती इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. तिची किंमत तेव्हा सुमारे एक कोटी रुपये होती.

या तारणात लेडी मेहेरबाईंचे दागिने होते, आणि त्या दागिन्यांत 'ज्युबिली' हा हिरा होता. दक्षिण आफ्रिकेत १८९५ मध्ये सापडलेल्या या हिऱ्याला व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवावरून नाव मिळाले होते. वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. दोराबजींनी तो हौसेने पत्नीसाठी घेतला होता. मेहेरबाई या केवळ धनिकाच्या पत्नी नव्हत्या. साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा खेळणाऱ्या आणि बालविवाहाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या त्या बाई होत्या. हिरा पेटीतून काढून बँकेकडे जाताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी.

बँकेचा पैसा आला आणि पगार झाले. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने पोलाद उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा संमत केला. मोतीलाल नेहरू आणि महंमद अली जीना या दोघांनीही संरक्षणाची बाजू उचलून धरली होती. विस्तारित कारखान्याचे उत्पादन वाढू लागले आणि कर्ज फिटले. जे भागधारक धीर धरून राहिले, त्यांचा कागद रद्दी झाला नाही.

पण हा हिशेब एवढ्यावर संपवता येत नाही. भागधारकाला जपणारे दोराबजी ज्या समूहाचे प्रमुख होते, त्याच समूहाच्या वीज कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतले आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. टाटांच्या कोणत्याही समभागासाठी त्या शेतकऱ्यांनी अर्ज केला नव्हता. गेली ती त्यांची जमीन. ज्याने विश्वासाने पैसे दिले त्याच्यासाठी घरचा हिरा गहाण पडला, पण ज्याची शेती मागितली गेली त्याचा नकार ऐकला गेला नाही. मराठी वाचकाने सर दोराबजींना आदराने आठवताना हेही आठवावे. जमशेदपूरच्या कामगारांचा इतिहासही सरळ नाही. आठ तासांचा दिवस तेथे १९१२ मध्येच लागू झाला होता आणि १९२५ मध्ये गांधीजींनी तेथे जाऊन कामगार संघटनेच्या प्रश्नावर मध्यस्थी केली होती. तरीही १९२८ चा प्रदीर्घ संप टळला नाही.

महाराष्ट्राशी त्यांचे गोड नातेही होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे खेडूत तरुण पाहून, ही मुले ऑलिम्पिकमध्ये धावू शकतील असे त्यांना वाटले. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा चमू गेला, त्यासाठी दोराबजींनी पदरचे पैसे खर्च केले. त्या चमूत बेळगावकडचे मॅरेथॉनपटू फडेप्पा चौगुले होते. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडे आले.

जून १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दांपत्याला अपत्य नव्हते. इंग्लंडमधील ब्रुकवूड येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि मार्च १९३२ मध्ये उरलेले सर्व काही दुसऱ्या न्यासाच्या नावे केले. टाटा सन्स, इंडियन हॉटेल्स आणि समूहातील इतर कंपन्यांमधले आपले समभाग, जमीनजुमला आणि पत्नीच्या दागिन्यांचे २१ नग त्यात होते. एकदा गहाण पडून सुटलेला ज्युबिली हिराही होता. पुढच्याच महिन्यात ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले. वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगन येथे त्यांचे निधन झाले आणि ब्रुकवूडलाच पत्नीशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

ज्युबिली हिरा १९३७ मध्ये विकला गेला. त्याआधी १९३६ मध्ये न्यासाच्या पैशातून मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४१ मध्ये परळला कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि १९४५ मध्ये मूलभूत विज्ञानाच्या संशोधन संस्थेला या न्यासाचे पाठबळ मिळाले. दागिने गेले, टाटा सन्समधील समभाग मात्र न्यासाने सोडले नाहीत. सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे आजही टाटा सन्सचा सुमारे २८ टक्के हिस्सा आहे, आणि टाटा स्टीलचा सर्वांत मोठा भागधारक आहे टाटा सन्स.